रिमोट म्हणजे दुर्गम

परदेशी जाऊन आलेले लोक प्रवासवर्णन लिहितात. मी परदेशी न जाता लिहिते आहे. पासपोर्ट अजून कोराच आहे. प्रवास मात्र झाला, तो बल्लारपूरहून भामरागडच्या बाजूला, आणि एकदा नव्हे, दोनदा. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते.

आधी जाण्याचं कारण सांगते. युरोपातल्या एका कंपनीचं काम मी बल्लारपूरच्या घरातून करायची. त्यांची ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी आपण वापरून बघायची, कुठे अडतात, कुठे फसवतात ते लिहून कळवायचं. जगात याला रिमोट काम म्हणतात. आमच्या गल्लीत याला 'पोरगी घरीच असते' म्हणतात. हिवाळ्यात कंपनीचा निरोप आला की जूनअखेरपासून सगळ्यांनी युरोपाच्या घड्याळात आणि तिथल्या कायद्यात बसायचं, म्हणजे तिकडेच राहायला जायचं, ज्यांना जमणार नाही त्यांचे आभार. तिकडच्या एका समुद्रकाठच्या देशात आमच्यासारख्यांसाठी खास व्हिसा मिळतो, लॅपटॉप घेऊन या आणि राहा. त्या देशाचं नाव लिहीत नाही. ज्यानं दार उघडलं नाही त्याची फुकट जाहिरात कशाला करू?

व्हिसा मिळाला तर नोकरी राहणार, नाही मिळाला तर जाणार, हिशोब इतका सरळ होता. त्याआधी मी आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षिका होते. दर वर्षी कंत्राट संपलं की कोणाच्या तरी टेबलासमोर कागदांची पिशवी धरून उभं राहायचं, आणि टेबलामागच्या माणसानं वर न बघता 'पाहू' म्हणायचं. ही नोकरी मला कोणाच्या ओळखीशिवाय, कोणाच्या 'पाहू'शिवाय मिळाली होती. पुन्हा त्या टेबलासमोर जायची कल्पनाही मला सोसत नव्हती.

आईला यातलं काही पटत नव्हतं. बाबा खाणीतून निवृत्त झाले आणि लवकरच गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. "समुद्रच पाह्यचा असन तं मुंबईले जा ना," ती म्हणाली. "त्याच्यासाठी एवढे कागद काऊन जमा करून राह्यली?"

कागद जवळजवळ सगळे जमले होते, एक सोडून. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभर राहिलात तिथल्या पोलिसांचा दाखला हवा होता. मी दोन वर्षं इरुकगुड्यात राहिले होते. तिथल्या ठाण्यात फोन केला, तर ते म्हणाले, आधी गावच्या पोलीस पाटलाचं पत्र आणा. म्हणून मार्चमध्ये निघाले.

आलापल्ली

बल्लारपूरची माणसं धुळीबद्दल तक्रार करत नाहीत. आमची धूळ काळी असते, कोळशाची. पण आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की धूळ लाल होते. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि त्यांच्या मागे आमची एसटी. खिडकी बंद केली तर जीव जातो, उघडली तर केस लाल होतात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून सांगितलं, "मेंदी लावाचा खर्च वाचला पोरी." बस हसली. मीही हसले, कारण तेव्हा मला हसू येत होतं.

आलापल्लीला गाडी बदलायची होती आणि नेमकी त्याच वेळी माझी मीटिंग होती. चहाच्या टपरीमागे एका बाकावर लॅपटॉप उघडला, मोबाईलचं इंटरनेट जोडलं, मागे सागाची उंच झाडं. तिकडून साहेबांनी विचारलं की हे मागचं चित्र कुठून घेतलं, फार छान आहे. मी म्हटलं, चित्र नाही, खरं आहे. तेवढ्यात एक बकरी चित्रात आली आणि सगळ्यांचा विश्वास बसला. आठ देशांतली माणसं त्या बकरीकडे बघून हसत होती आणि मला वाटलं, आता काही झालं तरी ही माणसं आपल्याला सोडणार नाहीत. माणूस किती लवकर फसतो!

टपरीवाल्यानं विचारलं, "टीव्हीत हाय का मॅडम?" मी 'हो' म्हटलं. समजावत बसायला गाडी थांबली नसती.

इरुकगुडा

फाट्यावर उतरून पायवाटेनं गावात जायचं. इरुक म्हणजे मोह. गावात शिरायच्या आधीच वास येतो, गोड, थोडासा आंबलेला. आमच्याकडे मोह म्हटलं की लोक आधी बाटली आठवतात आणि मग तोंडाला पदर लावतात. इथे अंगणाअंगणात फुलं वाळत असतात, ती भाजून खातात, उकडून खातात, बाळंतिणीला देतात. त्या गावात राहायला लागले तेव्हा पहिले काही दिवस मी नाकाला रुमाल लावून फिरायची. पुढे रुमाल कुठे गेला कळलंच नाही.

चैतू पाटील अंगणातच होते. हे गावचे पोलीस पाटील, माडिया, वय साठीच्या पुढचं. त्यांच्या घराच्या कडेच्या खोलीत मी दोन वर्षं भाड्यानं राहिले, म्हणजे त्यांनी भाडं घेतलं नाही आणि मी देऊ करत राहिले. त्यांची बायको चिन्नाक्का मला बघून धावत आली नाही. तिथे धावत येत नाहीत. ती आत गेली आणि जावा घेऊन आली, तांदळाची आंबट पेज. मला हिवताप झाला होता तेव्हा हाच जावा तिनं मला घोटघोट पाजला होता, डोकं मांडीवर घेऊन. माझी आई तेव्हा बल्लारपुरात होती आणि पुराच्या पाण्यानं रस्ता बंद होता.

"बाई, कळवलं असतं तं फाट्यावर आलो असतो," पाटील म्हणाले. "आता कोणत्या शाळेवर हाय तुमी?"

"शाळा सोडली भाऊ. आता रिमोट काम करते."

"रिमोट म्हणजे?"

"म्हणजे ऑफिस एकीकडे, आपण दुसरीकडे. दुरून काम."

त्यांनी थोडा विचार केला आणि चेहरा एकदम उजळला. "रिमोट! रिमोट म्हणजे दुर्गम. गुरुजीच्या कागदावर असते ना, रिमोट एरिया. मंग सरळ सांगा ना बाई, दुर्गमची ड्यूटी हाय म्हणून."

"तसं नाही भाऊ. मला परदेशात राहून काम करायचंय. त्यासाठी व्हिसा लागतो."

"विजा म्हणजे बदली होय."

मी हात टेकले. "हो, बदलीच समजा."

ज्यांना गडचिरोलीची रीत माहीत नाही त्यांना इथे थांबून सांगते. आमच्याकडे सरकारी माणूस दुर्गम भागात काही वर्षं राहिला की त्याला सोयीच्या गावी बदली मागता येते. पण तो खरंच गावात राहिला, की तालुक्याला राहून फक्त सह्या करायला येत होता, याला पुरावा हवा. त्यासाठी गुरुजी, सिस्टर, ग्रामसेवक सगळे चैतू पाटलांकडे येत आणि पाटील त्यांना दाखला लिहून देत. त्यांचा अनुभव असा, की दाखल्यात गाव जितकं अवघड दिसेल तितकी बदली चांगली मिळते. रस्ता नाही असं लिहिलं तर तालुका मिळतो, पूर लिहिला तर जिल्हा. गाव चांगलं आहे असं लिहिलं तर काहीच मिळत नाही.

"माह्या दाखल्यावर गुरुजी चंद्रपूरले गेले," ते अभिमानानं म्हणाले. "सिस्टर तं नागपूरले गेली. तुमी पार समुद्राच्या पल्याड चाल्ल्या. तुमाले साधासुधा दाखला कसा चालन?"

दुपारभर ते लिहीत बसले. मग चष्मा पुसून मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सदर गाव हे अतिदुर्गम, नक्षलग्रस्त व अतिसंवेदनशील असून पावसाळ्यात जगाच्या संपर्काबाहेर असते. अशा ठिकाणी बाईंनी जिवाची पर्वा न करता दोन वर्षे वास्तव्य केले. जंगलातील सर्व लोकांशी त्यांचे संबंध प्रेमाचे होते. त्यांनी कोणाचीही भीती बाळगली नाही.'

मला रडू आलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणीच कधी लिहिलं नव्हतं, मुख्याध्यापकांनी तर नाहीच. चिन्नाक्काला मराठी बेतानंच कळतं, तिनं नवऱ्याला गोंडीत अर्थ विचारला आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. रात्री वाळवलेल्या वास्त्यांची भाजी होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. त्यात सुकी मासळी घातलेली. मी दोनदा भात मागून घेतला आणि पाटील म्हणाले, "तिथी हे भेटणार नाई. खाऊन घ्या."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दाखला दाखवला, त्यांनी त्यांचं प्रमाणपत्र पुढे रीतसर पाठवलं. त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता. पाटलांचं पत्र त्यांनी मला परत दिलं. ते तिथेच संपायला हवं होतं.

नागपूर

व्हिसाची फाइल तयार करून देणारे एक गृहस्थ नागपुरात होते. त्यांनी पाटलांचं पत्र पाहिलं आणि म्हणाले, हेही भाषांतर करून लावू, जितके कागद तितकं वजन. मी नको म्हणू शकले असते. पण का म्हणणार? मला ते पत्र जगाला दाखवायचंच होतं.

नकार मोहाची फुलं संपल्यावर आला. माझा पगार ठीक, शिक्षण ठीक, आरोग्याचा विमा ठीक. अडलं ते एका ठिकाणी. अर्जदार सशस्त्र संघर्षाच्या भागात दोन वर्षं स्वेच्छेनं राहिलेल्या आहेत, आणि जंगलातील सर्व लोकांशी असलेल्या त्यांच्या संबंधांचं स्वरूप स्पष्ट होत नाही. असं तीन ओळींत लिहिलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला राग आला तो त्या देशाचा नाही, माझा आला. मी ते पत्र ऐकलं होतं, वाचलं होतं, भाषांतर तपासून दिलं होतं, आणि एकाही शब्दाला मी अडखळले नव्हते. नक्षलग्रस्त हे आमच्याकडे भत्त्याचं नाव आहे. शाळेत असताना पगारपत्रकावर मी ते दर महिन्याला वाचायची. जंगलातील सर्व लोक म्हणजे चिन्नाक्का, पाणी भरणाऱ्या बायका, मला रस्ता दाखवायला नदीपर्यंत येणारे म्हातारे. माझं कामच मुळी दुसऱ्यांच्या लिहिण्यात खोट शोधण्याचं होतं, आणि ही खोट मला दिसली नाही, कारण मी इथलीच आहे.

फाइलवाले गृहस्थ म्हणाले, पाटलाकडून दुसरं साधं पत्र आणा, तडक पुन्हा अर्ज करू, जूनच्या आत होऊन जाईल. आईनं डब्यात भाकरी आणि झुणका भरून दिला, आणि मला दारापर्यंत सोडायला आली. तिला तोवर समुद्र पटायला लागला होता, हे मला जास्त लागलं.

पुन्हा इरुकगुडा

मे महिन्यात बल्लारपूरहून निघणं म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणं. बस रिकामी होती. आष्टीची लाल धूळ तशीच होती, आलापल्लीची टपरी होती, बाकही होता. त्यावर मी बसले नाही. आईचा डबा तसाच परत आणला. प्रवासवर्णनात या वाटेचं काही सांगायला हवं, पण मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. आता कोणी विचारलं की सागाला पालवी होती का, तर मला सांगता येणार नाही.

गावात तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम होता. माणसं जंगलातून पानं आणून अंगणात बसली होती, पानावर पान ठेवून पुडे बांधत होती. पाटलांच्या अंगणातही तेच चाललं होतं. मला पाहून ते उठले. हात हिरवे झाले होते.

"झाली बदली?"

मी नाही म्हटलं. का नाही, ते सांगायचं टाळत होते. पण त्यांनी शाळेतल्या पोरासारखं समोर बसून विचारलं, "त्यायनं काय लिवलं? मले मराठीत सांगा." मी सांगितलं. त्यांनी परत सांगायला लावलं. मग ते हळूहळू म्हणाले, "हे सारे शब्द तं मीच टाकले होते बाई."

"तुम्ही चांगल्यासाठीच लिहिलं भाऊ."

"ज्या शब्दानं गुरुजीले चंद्रपूर भेटलं, त्याच शब्दानं तुमचं अडलं?"

"हो."

मी सोबत कोरे कागद नेले होते. त्यांनी नवीन पत्र लिहायला घेतलं. अतिदुर्गम काढलं, नक्षलग्रस्त काढलं, संवेदनशील काढलं, जंगल काढलं. दोन ओळी उरल्या. त्या ते बराच वेळ बघत बसले.

"बाई, ते लोक मोबाईलवर गाव पाहतात का? नकाशात?"

"पाहतात."

"मंग शब्द काढून काय होते? गाव तं तिथीच राहीन."

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. या वेळी ते थांबले नाहीत, भराभर लिहिलं, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली आणि वाचून दाखवलं. 'दाखला देण्यात येतो की, सदर बाई या गावात कधीही राहिलेल्या नाहीत. गावातील कोणीही त्यांना ओळखत नाही.'

"आता होईन," ते म्हणाले. "पोलीस पाटलाचा शब्द हाय. कोणी विचाराले आलं तं पूर्ण गाव नाई म्हणन. मी सांगून ठेवतो."

तो कागद काही कामाचा नव्हता. पहिल्याच अर्जात मी माझ्या हातानं लिहिलं होतं की मी दोन वर्षं तिथे राहिले, आणि आता उलटं सांगितलं तर दार कायमचं बंद झालं असतं. मी ते सांगायला तोंडही उघडलं. पण त्यांनी मला देता येण्यासारखं जे काही होतं ते सगळं दिलं होतं, आणि ते समोर बसून मी 'होईल' म्हणायची वाट बघत होते. दोन ओळींचं ते साधं पत्र बाजूला पडलं होतं. तेही मागायची ताकद माझ्यात उरली नाही.

"होईल भाऊ," मी म्हटलं.

चिन्नाक्का पुडे बांधता बांधता थांबली. तिनं नवऱ्याला गोंडीत विचारलं, त्यांनी सांगितलं. ती माझ्याकडे वळली. "आमी वळखत नाई म्हटलं तं तुमाले जाता येईन?"

"येईल अक्का."

ती मान हलवून परत पानांकडे वळली. संध्याकाळी तिनं जावा दिला, भात दिला, पण गावातल्या बायका नेहमीसारख्या मला भेटायला आल्या नाहीत. पाटलांनी खरंच सांगून ठेवलं होतं. मी कडेच्या खोलीत झोपले. इतकी एकटी मी त्या खोलीत आधी कधीच नव्हते, हिवतापातही नव्हते.

पुढचं थोडक्यात सांगते. मी पुन्हा अर्ज केला नाही. जून संपला, कंपनीनं आभार मानले, लॅपटॉप परत मागवून घेतला. त्या आठ देशांतल्या कोणीतरी निरोपाच्या मीटिंगमध्ये बकरीची आठवण काढली. पाटलांचा अधूनमधून फोन येतो आणि मी तो उचलत नाही, कारण त्यांच्या लेखी मी समुद्राच्या पलीकडे गेलेली आहे. आश्रमशाळेत कंत्राटी जागा निघाल्यात असं ऐकते. पिशवी काढून ठेवली आहे.

निघतानाचं मात्र नीट सांगायचं आहे. सकाळी चिन्नाक्का फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आली, पण शेजारून नाही, थोडी मागून. माझी बॅग तिच्या डोक्यावर होती. फाटा दिसायला लागला तशी तिनं ती माझ्या हातात दिली आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे, तेंदूच्या पोत्यांपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ऊन आहे, सावलीला गेली.

एसटी आली. पोती टपावर चढवायची म्हणून कंडक्टर खाली उतरला. नवा होता, मला ओळखत नव्हता. त्यानं चिन्नाक्काला विचारलं, "हे बाई तुमच्या गावच्या पाहुण्या होय का? सोडाले आल्या का तुमी?"

"मालूम नाई," चिन्नाक्का म्हणाली. "आमच्या गावची नोहोय."

तिचं मराठी एरवी अडखळतं. ते वाक्य अडखळलं नाही, रात्रभर पाठ केलं असावं. मी वर चढले, खिडकीपाशी बसले आणि न राहवून हात हलवला. तिनं पाहिला. कंडक्टर अजून तिच्याकडे बघत होता, म्हणून तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी होती, जंगलाकडे तोंड करून.